गायरानावरचं विमान

बिरोबाची वाडी, ता. परंडा
१८ जानेवारी १९७३

चि. बिरूस,

आजी चांगुणाचा हात तुझ्या डोक्यावरनं फिरला असं समज. वीरप्पा वाण्याच्या दुकानात पोत्यावर बसून सांगते हाय आन् वीरप्पा लिहितो हाय. त्यानं वर ‘कृतानेक आशीर्वाद’ लिवलं व्हतं, ते खोडायला लावलं. म्हणलं, पोराला वाटंल आजी मेली आन् तिच्या जागी तलाठी बसला.

काल आबाराव आले. आपल्या नियोजित सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना न्हाय, ऊस न्हाय, पाणी न्हाय. पण चेअरमन हाय, जीप हाय, जीपवर पाटी हाय, म्हंजे निम्मं काम झालं. माझ्या गळ्यात हार घातला. मी भ्याले, म्हणलं सरकारनं माझं काय जप्त केलं की काय. तर म्हणले, ‘चांगुणाबाई, तुमच्या नातवाला दोन कागद आले. एक विमान चालवायच्या कोर्साचा आन् एक मिलिटरीत साहेब व्हायचा.’ ते तुझ्या बोर्डिंगच्या कमिटीवर हायेत, त्यांना आधी कळलं. मला मागनं कळलं. असू दे. मी काय कमिटीवर न्हाय.

आबाराव म्हणत्यात, पोरगं विमान शिकंल, शिकायचं सगळं कारखाना बघंल. शिकून आलं की विमानातनं उसावर औषध फवारंल. मी म्हणलं, ‘आबाराव, ऊस?’ ते म्हणले, ‘आधी विमान, मग कारखाना, मग ऊस. तुम्ही लोकं लई उलटं मोजता.’ पाण्याचं त्यांनी नाव घेतलं न्हाय. मी बी घेतलं न्हाय. दारात आलेल्या माणसाला अडचणीत कशाला टाकायचं?

तर विमान उतराया धावपट्टी लागती म्हणं. ती आपल्या वाडीलाच मंजूर झाली, दुष्काळी कामात. आजवर आमी बाया खडी फोडाया परंड्याच्या रस्त्यापतुर पायी जात व्हतो. आता काम दारात आलं. जागा कुठली इचारू नको, दुष्काळात जागेला काय तोटा!

तुझे आई-बाप मेंढरं घेऊन भीमेच्या खालच्या अंगाला गेलेत, त्यांचा पत्ता न्हाय. तवा काय इचारायचं ते मलाच इचार. आन् ते दोन कागद म्हंजे काय काय हाय ते नीट लिही. शेजारची सारजाबाई इचारती, मला सांगता येत न्हाय, आन् न सांगता मिरवायला लई अवघड जातं.

आजी


औरंगाबाद
२९ जानेवारी १९७३

ती. आजीस,

बिरूचा साष्टांग नमस्कार. वीरप्पाकाका, सावकाश वाचून दाखवा. मध्ये गिऱ्हाईक आलं तर थांबा, पण ओळ गाळू नका.

दोन कागद आल्याचं मी कळवणारच होतो. आधी माझं मला ठरू दे म्हणून थांबलो. अजून ठरलेलं नाही.

पहिला कॅडेट फ्लाइंग कोर्स. शिकाऊ वैमानिक म्हणून फ्लाइंग क्लबात घेतात. लहान विमान असतं, शेजारी गुरू बसतो. दोघांपुढं सारखीच दांडी असते. आपण चुकलो की तो सावरतो. मग एक दिवस गुरू उतरून जातो आणि आपण एकट्यानं वर जायचं. ठरलेले तास उडून झाले की परवाना. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. ती शोधावी लागते, नाहीतर आबारावांची आहेच.

दुसरा कागद मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलचा. तिथं पहाटे उठवतात, पळवतात, चिखलात लोळवतात. पाठीवर वजन देऊन डोंगर चढवतात. बूट इतके चमकवायला लावतात की त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे, आणि ज्याचं दिसत नाही त्याला पुन्हा पळवतात. तक्रार केली तर सगळ्यांना पळवतात. जो टिकतो त्याच्या खांद्यावर तारा लावतात आणि शिपायांची तुकडी त्याच्या हवाली करतात. तिथं कुणाची चिठ्ठी चालत नाही, कुणाचा हार लागत नाही.

एप्रिल संपायच्या आत एकाला हो आणि एकाला नाही कळवायचं आहे.

एन.सी.सी.च्या शिबिरात मला एकदा विमानात बसवलं होतं. वरून सगळं लहान दिसतं. बाकी भेटीत.

तू सांगशील ते करीन.

तुझा,
बिरू


बिरोबाची वाडी
२० फेब्रुवारी १९७३

चि. बिरूस,

‘तू सांगशील ते करीन’ म्हणं. लहानपणी नाक पूस म्हणायची, तवा पुसलंस का कधी? आता एकदम विमानच माझ्या इचारानं!

तुझं पत्र वीरप्पानं दोन वेळा वाचलं. चिखलाचं आन् बुटाचं भरून लिवलंस, विमानात बसलास त्याच्या मोजून दोन ओळी. मी समजून गेले. आवडत्या गोष्टीचं बोलताना पोरगं लाजतं. तुझा आज्जा माझ्या भाकरीला कधी चांगली म्हणला न्हाय, दुसरीकडं जेवून आला की तिथल्या कोरड्याशाचं तास तास सांगायचा.

काम सुरू झालं. ओव्हरशेरसाहेब बिचारा भला हाय, पण त्यानं जन्मभर तळी आन् रस्ते केले. विमान किती पळून थांबतं त्याला काय ठावं? आबारावला इचारलं, तर ते म्हणले ठरावात तेवढं ऱ्हायलं. मग साहेबानं कुर्डूवाडीची यष्टी हात करून थांबवली आन् ड्रायव्हरला इचारलं, भरधाव गाडीला ब्रेक मारल्यावर किती रस्ता लागतो? त्यानं सांगितलं त्याच्या कितीतरी पट धरली. का, तर विमानाला प्याशिंजर कमी असत्यात, ते हलकं म्हणून लांब घसरंल.

पट्टीच्या एका टोकाला बिरोबाचं देऊळ, दुसऱ्या टोकाला वढा. थांबलं तर देवाच्या पाया पडंल, न्हाय थांबलं तर वढ्यात जाईल. वढ्यात पाणी न्हाय, तवा बुडायचं भ्याव न्हाय.

दुपारी कामावर खायाला सुकडी मिळती. घरी रेशनच्या मिलो जोंधळ्याची भाकरी हायच, तांबडी, घशाला ओरखडे काढणारी. पण वाडीत चूल पेटती हाय ती या पट्टीवर, हे खरं. कुणी मुंबईला गेलं न्हाय यंदा. बाया मला ‘विमानवाली’ म्हणत्यात. सारजाबाई म्हणती, तुझा नातू वर गेल्यावर खाली थुंकला तर कुणाच्या अंगावर पडंल? म्हणलं, ज्याचं नशीब.

एक इचारते. त्या मद्रासच्या शाळंत शिकलं आन् लढाई लागली तर? मागल्या लढाईत परंड्याकडचं एक पोरगं गेलं. आईकडं त्याची पत्र्याची ट्रंक तेवढी आली. तू चिखल लिवलास, बूट लिवलास, हे न्हाय लिवलंस.

म्हणून म्हणते, विमानच बरं. मी सांगते असं न्हाय. तुझ्या मनात हाय तेच माझ्या तोंडात आलं.

आजी


नियोजित सहकारी साखर कारखाना
(तात्पुरते कार्यालय), परंडा
५ मार्च १९७३

चि. बिरूदेव धोंडीबा देवकाते यांस,

स. न. वि. वि. आपली कॅडेट फ्लाइंग कोर्ससाठी निवड झाल्याबद्दल संचालक मंडळाने आपल्या अभिनंदनाचा ठराव केला आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने पुन्हा भरून हा ठराव एकमताने मंजूर झाला. हवाई फवारणी करणारा हा जिल्ह्यातील पहिला कारखाना ठरेल. ऊस लागवडीचा प्रश्न यथावकाश मार्गी लागेल.

धावपट्टीसाठी वाडीचे गायरान ग्रामसभेने दिले आहे. धनगर मंडळींनी मेंढ्यांच्या चराईबाबत हरकत घेतली होती. परंतु आपल्या आजींनी पुढे होऊन मला बिरोबासमोर भंडारा उचलावयास लावला. गायरानावर फक्त बिरूचे विमान उतरेल, दुसरे काही नाही. आणि बिरूचे विमान न आल्यास गायरान पुन्हा मेंढरांचे, असा शब्द मी हळदीने हात पिवळे करून सर्वांसमक्ष दिला. आपण येणारच असल्याने मला त्यात काहीच वाटले नाही.

आपल्या मनात लष्कराचा विचार असल्याचे रेक्टरांकडून समजले. तो काढून टाकावा. आपण कोर्स न घेतल्यास धावपट्टीस प्रयोजन उरत नाही. काम बंद होईल व वाडीच्या उपासमारीची जबाबदारी व्यक्तिशः आपली राहील. हे आपणास घाबरविण्यासाठी नव्हे, माहितीसाठी.

उद्घाटन १ मे रोजी. मंत्रिमहोदयांनी येण्याचे तत्त्वतः मान्य केले आहे. आपण वैमानिकाच्या पोशाखात यावे. टोपी आवश्यक.

आपला,
आबाराव
चेअरमन


औरंगाबाद
१२ मार्च १९७३

ती. आजीस,

आबारावांचं पत्र आलं. गायरान! आणि मला तू लिहितेस, जागेला काय तोटा. बापू मेंढरं घेऊन परत आले म्हणजे कुठं चारणार, माझ्या टोपीत? माझ्या नावावर गायरान घातलंस आणि मलाच सांगितलं नाहीस.

पण रागवायला मी कोण! मीही तुझ्यापासून लपवलंच आहे.

शिबिरात मला विमानात बसवलं ते खरं. चाकांनी जमीन सोडली आणि माझ्या पोटानं मला सोडलं. गुरू म्हणाले, ‘खाली बघ, किती छान दिसतंय!’ मी खाली बघितलं आणि त्यांच्याच टोपीत ओकलो. नंतर डोळे मिटून बसलो ते उतरेपर्यंत. टोपी मी धुऊन परत दिली. भला माणूस, त्यांनी शेऱ्यात ‘हवामान खराब’ असं लिहिलं. सगळ्यांनी अर्ज केला म्हणून मीही केला. डोळे आणि गणित चांगलं म्हणून निवड झाली. पोट कुणी तपासलं नाही.

आजी, माझ्या मनात पहिल्यापासून मद्रासच आहे. त्या निवडीला आम्हा अनोळखी पोरांना एक दोर आणि एक फळी दिली, म्हणाले, हा ओढा समजा, पलीकडं जा. सगळे एकदम बोलू लागले. मला आपली मेंढरं ओढ्यातून काढताना बापू काय करतात ते दिसलं. आधी एक धीट पलीकडं घालायचं, मग भित्री मधे, आणि आपण सगळ्यात मागं. मी तसंच केलं. थोड्या वेळानं बघतो, तर शहरातली ती पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती, आता काय करायचं म्हणून. मला असं आधी कधी झालं नव्हतं.

आता मी काय करू? उडलो तर गायरान गेलं. मद्रासला गेलो तर काम बंद आणि वाडीची भाकरी गेली.

लढाई लागली तर जावं लागेल. ट्रंकही येऊ शकते. तू विचारलंस म्हणून लिहितो. आधी लिहायचा धीर झाला नाही.

एकदा तरी चेष्टा न करता सांग.

बिरू


बिरोबाची वाडी
२५ मार्च १९७३

चि. बिरूस,

टोपीचं वाचताना वीरप्पाला हसू आवरंना, तेलाचं माप गुळात सांडलं. तो गूळ आता मलाच घे म्हणतो.

चेष्टा न करता सांग म्हणलास. बरं, सांगते. लढाईचं ऐकलं आन् मी घरी गेले. त्या दिवशी भाकरी थापली न्हाय. दुसऱ्या दिवशी थापली. जा मद्रासला.

झालं तेवढं. आता माझं ऐक. म्या तुला बांधलं न्हाय, आबारावला बांधलं. गायरान ते घेणारच व्हते. आज विमानाला घेतील, उद्या तिथं त्यांची द्राक्षं उगवतील, आन् आमी मेंढरं घेऊन वेलीखाली बघत बसायचं. म्हणलं, घ्या, पण माझ्या बिरूच्या विमानाशिवाय तिथं काय यायचं न्हाय, उचला भंडारा. समद्या धनगरांनी बघितलं. आता शब्द मोडून आबाराव आमच्या दारात मतं मागाया कोणत्या तोंडानं येतील? माझा हिशेब असा, तू वर्षातनं एकदा उतरशील, बाकीचं वरीस मेंढरं चरतील. तुझं पोट मधी येईल हे बिरोबाला बी ठावं नसंल. चुकलंच माझं. मला वाटलं तू लाजतोस, आन् तू ओकत व्हतास.

आता एवढं कर. मद्रासला व्हय म्हणून कळव. आबारावला कायबी कळवू नको. मृग निघूस्तवर गप बस, तवर आमी खणतो. न येणाऱ्या विमानाची पट्टी खणायला काय जड जात न्हाय, माती तीच असती. बायांस्नी सगळं सांगितलं हाय. कुणी तोंड उघडणार न्हाय. सारजाबाईला स्वतःचा भरवसा वाटंना, म्हणून ती कामावर पदर तोंडात धरून येती. मुकादम इचारतो, दाढ दुखती का?

आजी


औरंगाबाद
८ एप्रिल १९७३

ती. आजीस,

तू सांगितलंस त्यातलं निम्मं केलं. मद्रासला होकार धाडला. पण गप्प बसणं जमलं नाही. उद्या माझ्या तुकडीसमोर उभा राहून खरं बोला म्हणायचं, आणि निघायच्या आधीच असं? आबारावांना आज सरळ लिहिलं: विमानाचा कोर्स नाकारला, मद्रासला जातो, कृपा करून वाडीचं काम थांबवू नका.

तू कपाळाला हात लावशील. लाव. माझ्या खरेपणानं वाडीची चूल विझली तर आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस. पण तोवर पत्र लिही.

बिरू


मद्रास
२० मे १९७३

ती. आजीस,

हे इथून तिसरं पत्र. तुझी एक ओळ नाही. काम बंद पडलं का? तू बरी आहेस ना? की खरंच बोलायचं नाही ठरवलंस?

मी ठीक. पायांना फोड आलेत. उस्तादांनी विचारलं, पळताना सारखा मागं वळून काय बघतोस? मी म्हटलं, कोण मागं राहिलंय ते. त्यासाठी मला आणखी पळवलं, पण दुसऱ्या दिवसापासून मलाच सगळ्यांच्या मागं ठेवतात.

वीरप्पाकाका, ती बोलत नसेल तर तुम्ही तरी लिहा.

बिरू


बिरोबाची वाडी
१९ जून १९७३

चि. बिरूस,

बोलत कशी न्हाय? वीरप्पा लेकीच्या बाळंतपणाला आळंदच्या बाजूला जाऊन बसला व्हता, काल आला. दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचं मला जमत न्हाय. ग्रामसेवकाला सांगून बघितलं. मी म्हणलं ‘बरी हाय’, त्यानं लिवलं ‘प्रकृती समाधानकारक असल्याचे कळविण्यात येते’. पाठवलंच न्हाय.

तुझं खरं बोलणं आबारावच्या हातात पडलं तवा मी पट्टीवरच व्हते. त्यांनी जीपमधी बसून वाचलं. मग परत वाचलं. मग ड्रायव्हरला म्हणले, जीप सावलीत घे. मंत्र्यांचा दिवस ठरलेला, मांडवाचं सामान आलेलं, आन् नवरदेव मद्रासला! मी घमेलं खाली ठेवलं आन् म्हणलं, संपलं, उद्यापासनं पुन्हा परंड्याचा रस्ता.

एक मे उजाडली. मंत्री आले. आबाराव माईकवर चढले. म्हणले, ‘आपल्या वाडीच्या सुपुत्रानं देशासाठी विमानावर लाथ मारली!’ टाळ्या. ‘त्यानं देश निवडला, आम्ही मागं राहणार का? ही धावपट्टी आम्ही लष्कराला अर्पण करतो!’ आणिक टाळ्या. ‘पण लष्कराचं विमान जड असतं. पट्टी लांबवावी लागेल, रुंद करावी लागेल!’ मंत्र्यांनी तिथंच मंजुरी दिली. कोणत्या लष्करानं मागितली ते इचाराया कुणाला फुरसत न्हाय, टाळ्या चालू व्हत्या. त्या आमीच वाजवत व्हतो.

तर असं झालं, बिरू. माझ्या लबाडीनं काम मृगापतुर चाललं असतं. तुझ्या खरेपणानं अजून चालू हाय.

मग आबारावनी गायरानाच्या कडंनं खुंट्या ठोकाया माणसं धाडली. ‘लष्कराची जागा, मेंढरं बंद.’ आपली म्हातारी मंडळी देवळापुढं येऊन बसली. म्हणले, भंडारा बिरूच्या विमानाचा व्हता. आबाराव म्हणले, ‘बिरू मिलिटरीत, म्हंजे मिलिटरीचं विमान बिरूचंच!’ म्हातारे म्हणले, ‘ठीक. मग त्यानं स्वतः चालवत आणलं पाहिजे.’ मला तुझी ती टोपी दिसत व्हती, हसू दाबता दाबता डोळ्यांतनं पाणी आलं. आबारावला वाटलं म्हातारी रडती. ते देवळाकडं बघंनात, आमच्याकडं बघंनात. खुंट्या जीपमधी भरून नेल्या.

आठवड्यानं त्यांचा ठराव आला: धावपट्टीच्या मजबुतीसाठी तिच्यावर मेंढ्या बसविण्यास हरकत नाही. मेंढरं शेतात खतासाठी बसवत्यात, ते मी जन्मभर बघितलं. धावपट्टीला खत पहिल्यांदाच बघितलं. काय उगवतंय बघू.

तुझे आई-बाप आले. मेंढरं कमी झालीत. किती, ते मी इचारत न्हाय. ऱ्हायलेली गायरानावर बसत्यात. तू मद्रासला गेलास हे तुझ्या बापाला सांगितलं, तर म्हणला, तिथं चारा कसाय?

फोडांना गोडंतेल लाव. आन् मागं बघत जा, उस्ताद काय म्हणायचं ते म्हणू दे.

आता एक काम हाय. बायांनी इचाराया सांगितलंय, वीरप्पा नीट लिही. मिलिटरीत शिकताना मधीच बदलून नेव्हीत जाता येतं का? लगेच न्हाय, पुढला दुष्काळ पडंल तवा. वाडीत बंदराचं काम निघंल म्हणत्यात. म्या आबारावच्या कानावर अजून घातलं न्हाय. घातलं तर उद्याच वढ्यात नारळ फोडतील.

आजी